डब्यांतलीं पत्रें

रुक्मिणीनें श्रीकृष्णास पत्र धाडलें तेव्हां तिनें त्यास पाहिलेंही नव्हतें. गुण तेवढे कानांवर आले होते. पत्र नेणारा ब्राह्मण वाट चुकून भलत्याच दारीं गेला असता तर नाथमहाराजांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चें काय झालें असतें, हा प्रश्न पैठणच्या शेजारीं राहणाऱ्या प्राध्यापकास सुचूं नये. पण सुचला खरा, आणि त्याचा दोष रितेश बत्रा ह्यांच्या 'द लंचबॉक्स' (२०१३) ह्या चित्रपटाकडे जातो.

प्रकार जुनाच आहे. न पाहिलेल्या माणसावर पत्रांतून प्रेम जडतें, हें कथानक लुबिशनें १९४० सालीं 'द शॉप अराउंड द कॉर्नर'मध्यें बुडापेस्टच्या एका दुकानांत मांडलें. १९९८ सालीं नोरा एफ्रॉन ह्यांनीं तेंच 'यू हॅव गॉट मेल'मध्यें न्यूयॉर्कास नेलें आणि कागदाच्या जागीं संगणकावरील टपाल आणलें. दोहींकडे गंमत एकच. पत्रांत जीं एकमेकांवर जीव टाकतात, तींच प्रत्यक्षांत एकमेकांचें तोंड पाहूं इच्छीत नाहींत. बत्रा ह्यांनीं ही हुकमी गंमत सोडून दिली. त्यांचा साजन फर्नांडिस हा निवृत्तीस टेकलेला विधुर कारकून. इला ही नवऱ्याचें मन जेवणानें वळवूं पाहणारी गृहिणी. दोघें खरोखरच अनोळखी. नवऱ्यासाठीं भरलेला डबा रोज साजनच्या टेबलावर जातो, एवढाच काय तो धागा.

मग हसूं येतें कोठून? मिठांतून! इलेच्या पहिल्या चिठ्ठीस ह्या गृहस्थाचें उत्तर काय, तर आजचें जेवण फार खारट होतें. प्रेमपत्रांचा ह्याहून रुक्ष आरंभ आमच्या वाचनांत नाहीं, आणि ह्याहून खराही नाहीं. (हें दृश्य चालू असतां आमच्या कुटुंबानें आमच्याकडे कसें पाहिलें, तें येथें नमूद करण्याचें कारण नाहीं.) लगेच वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू खिडकीबाहेरून दोरीच्या टोपलींतून मिरच्या धाडतात, आणि टीकाकाराचें तोंड पोळतें. ह्या काकू पडद्यावर एकदांही दिसत नाहींत. भारती आचरेकर ह्यांचा आवाज तेवढा ऐकूं येतो. पण वर्षानुवर्षें अंथरुणास खिळून पंख्याकडे पाहत राहिलेल्या नवऱ्याची शुश्रूषा करणारी ही बाई आम्हांस उभ्या चित्रपटांत सर्वांत ओळखीची वाटली. तक्रारच करावयाची तर ही, कीं मुंबईच्या कथेंत मराठी माणसाच्या वाट्यास वरच्या मजल्यावरचा आवाज आणि डबेवाल्याची टोपी एवढेंच आलें.

डबा रोज चुकेलच कसा, असा आक्षेप पुष्कळांनीं घेतला. १८९० पासून चाललेला हा धंदा. झाकणावरच्या खुणा वाचून हजारों डबे बिनचूक पोंचविणारीं मावळची आणि जुन्नर-खेडकडचीं ही माणसें! चित्रपटांतला डबेवालाही हार्वर्डची साक्ष काढून चूक साफ नाकारतो. आमचें म्हणणें असें कीं, शकुंतलेची अंगठी नेमकी कोणत्या माशानें गिळली ह्याचा जाब आपण कालिदासास विचारीत नाहीं. शिवाय खरी चूक डबेवाल्याची नव्हेच. खाणावळीची फुलकोबी खाऊन आलेला नवरा घरीं फुलकोबीची वाखाणणी करतो. बायकोच्या हातची चव त्यास ओळखूं येत नाहीं. पत्ता चुकला तो तेथें.

वर्गांत हा विषय निघाला तेव्हां एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, तिनें सरळ फोन नंबर कां मागितला नाहीं?" प्रश्न योग्य होता. निळ्या खुणा उमटल्या कीं उत्तर कां आलें नाहीं म्हणून तळमळणाऱ्या पिढीस आम्हीं एवढेंच सांगितलें, कीं डबा दुपारीं जातो आणि संध्याकाळीं रिकामा परत येतो. तेवढ्या अवकाशांत इला हिंदींत आणि साजन इंग्रजींत जें लिहितो, तें दोघांसही तोंडानें बोलतां आलें नसतें.

आतां हॉटेलांतला प्रसंग. लुबिशची नायिका 'ॲना कॅरेनिना' घेऊन बसते, एफ्रॉनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' घेऊन; दोघींपाशीं फूल असतें, आणि दोन्ही नायक खरें ठाऊक असतां अनोळखीपणाचें सोंग घेऊन त्यांस छळतात. १९९८ च्या नायकानें तर तिचें मुलांच्या पुस्तकांचें दुकानही बुडविलेलें आहे. तरी शेवटीं आपण टाळ्या देतों. त्या देतांना आमचा हात थोडा अवघडतो. साजनही येतो, दुरून इलेस पाहतो, आणि जवळ जात नाहीं. त्या सकाळीं न्हाणीघरांत त्यास आजोबांचा वास आला होता. तो वास स्वतःचाच, हें त्यास उमगलें. इर्फान खान ह्यांच्या चेहऱ्यावर हें सारें एकही शब्द न बोलतां दिसतें.

पुष्कळ रसिक ह्यास त्याग म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. म्हातारपण त्याचें, पण तें चालेल कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार इलेचाही होता. तिला न विचारतां तो निकाल देऊन मोकळा झाला. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषास ही भीति उदात्त वाटते, हें आम्ही स्वानुभवानें जाणतों, आणि म्हणूनच तीविषयीं साशंक आहों. दुसऱ्या दिवशीं इला रिकामा डबा धाडते. साऱ्या पत्रव्यवहारांतलें तें सर्वांत परखड पत्र. ती पुढें त्याच्या कचेरींत जाऊन पोंचते, तेव्हां तो नाशिकास निघून गेलेला असतो. पण नाशिक त्यास धरवत नाहीं. शेवटीं तो डबेवाल्यांच्या घोळक्यांत लोकलमध्यें बसलेला दिसतो, ते ज्ञानोबा-तुकारामांचा गजर करीत असतात, आणि इलेचें घर कोठें हें त्यांच्यापैकीं एकास तरी ठाऊक असणारच.