वाटीभर पाण्याचा सल्ला तपासून बघू

‘ओटीजीत पाव भाजताना आत वाटीभर पाणी ठेवा, पाव छान फुगतो आणि कवच कुरकुरीत होतं.’ हा सल्ला तुम्ही ऐकलाच असेल. संशोधनाला लागण्याआधी अशा एखाद्या साध्या विधानाची चिरफाड करून बघा. या एका वाक्यात तीन वेगळे दावे आहेत.

पहिला दावा: वाफेने पावाला फायदा होतो. हा बरोबर आहे. थंड गोळ्यावर वाफेचं पाणी होतं, पृष्ठभाग ओला राहतो आणि कवच लवकर घट्ट होत नाही. तेवढ्यात आतला वायू पाव फुगवून घेतो. वरचा स्टार्च त्या पाण्यात शिजतो, म्हणून चकाकी येते. आपल्या बीडकडे ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात, तोही वरची बाजू कोरडी पडून तडे जाऊ नयेत म्हणूनच.

दुसरा दावा: वाटी ती वाफ वेळेवर देते. इथे गणित करा. 30 लिटरचा ओटीजी 230 अंश सेल्सिअसला पूर्ण वाफेने भरायला आदर्श वायू समीकरणानुसार साधारण 13 ग्रॅम पाणी पुरतं, म्हणजे पोह्याचा एक चमचा. मग वाटीभर कशाला? उलट 200 ग्रॅम गार पाणी 25 वरून 100 अंशांवर न्यायला सुमारे 63 किलोज्यूल लागतात. 1500 वॅटची सगळी उष्णता पाण्यालाच मिळाली तरी 42 सेकंद. प्रत्यक्षात तिचा थोडाच वाटा वाटीला मिळतो, म्हणून उकळी यायला कितीतरी मिनिटं जातात. पावाला वाफ हवी असते ती पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. शिवाय ओटीजीचं दार काही हवाबंद नसतं; झालेली वाफ फटीतून निघून जाते. खरी अडचण वाफ धरून ठेवण्याची आहे.

म्हणून झाकणाचं जाड पातेलं जास्त पटतं. 5 लिटरच्या पातेल्याला जेमतेम 2 ग्रॅम वाफ पुरते, आणि ती गोळ्यातूनच निघते. भाजताना पावाचं दहाएक टक्के वजन पाणी होऊन उडतंच.

तिसरा दावा न बोलता केलेला असतो: पाव चांगला झाला, म्हणजे वाफेमुळेच झाला. पुरावा काय, तर एक फोटो. इथेच सावध व्हा. पातेल्याचं झाकण वाफ अडवतं, तसंच वरच्या तापलेल्या कांडीची थेट उष्णताही अडवतं. छोट्या ओटीजीत ही कांडी पावाच्या अगदी डोक्यावर असते, म्हणून कवच लवकर वाळतं. मग फायदा वाफेचा की सावलीचा?

हे वेगळं करायला तीन पाव लागतील: एक उघडा, एक झाकणबंद, आणि एक उघडाच, पण वरच्या जाळीवर स्टीलचं ताट ठेवून. ताट कांडीची आच अडवेल, वाफ मात्र धरणार नाही. झाकण आणि ताट दोन्ही वीस मिनिटांनी काढा. उंची आणि भाजण्याआधी-नंतरचं वजन नोंदवा.

आणखी दोन गोष्टी सांभाळा. पाव एकामागून एक भाजले तर शेवटचा गोळा जास्त वेळ आंबतो. म्हणून प्रयोग तीनदा करा आणि दर वेळी क्रम बदला. दुसरी आपल्या गावाकडची: व्होल्टेज. ते 230 वरून 200 वर आलं, तर कांडीची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटून 1500 ची साधारण 1130 वॅट होते. तो पाव फिका निघेल आणि तुम्ही दोष वाफेला द्याल. त्यामुळे आत ओव्हन थर्मामीटर ठेवाच. आणि घाईत वाफ करायला तापलेल्या ओटीजीत पाणी शिंपडू नका. दाराची काच तडकू शकते.

झाकणाचा आणि ताटाचा पाव सारखाच निघाला, तर वाफेचं श्रेय काढून घ्यावं लागेल. असा निकाल आला तरी तो वहीत तसाच लिहा.