पुट्रेसिन वाढलं, पण त्यामुळे झाड वाचलं का?

पॉलिअमाइन्स आणि ताण या विषयावरचा कुठलाही पेपर उघडा, प्रस्तावनेत एक वाक्य बहुतेक वेळा सापडतंच: ताण आला की पॉलिअमाइन्स वाढतात आणि पेशीचं रक्षण करतात. यात खरं तर दोन विधानं आहेत. पहिलं मोजलेलं असतं, दुसरं बऱ्याचदा गृहीत धरलेलं. सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी ही दोन वेगळी करायला शिका. त्यांच्यावर तुमची चार-पाच वर्षं उभी राहणार आहेत.

आधी थोडी ओळख. पुट्रेसिन, स्पर्मिडिन आणि स्पर्मिन हे छोटे, लांबट रेणू. पेशीत त्यांच्यावर अनुक्रमे २, ३ आणि ४ धन प्रभार असतात. आरएनए, डीएनए यांच्यावर ऋण प्रभार असतो, म्हणून हे रेणू त्यांना चिकटतात. पेशीत जास्त करून आरएनएलाच. जवळपास प्रत्येक सजीवात ते सापडतात.

आता एक गाजलेला पेपर घेऊ. फ्लोरेस आणि गाल्स्टन यांनी १९८२ साली 'सायन्स'मध्ये तो छापला. त्यांनी ओटच्या पानांच्या पेशी ०.४ ते ०.६ मोलर सॉर्बिटॉलच्या द्रावणात ठेवल्या. ६ तासांत पुट्रेसिन ६० पटींपर्यंत वाढलं. सोबत आर्जिनिन डीकार्बोक्सिलेज या एन्झाइमची क्रियाही वाढली, आणि त्या एन्झाइमला अडवणारं डीएफएमए घातल्यावर पुट्रेसिनची वाढ थांबली. पुट्रेसिन कुठल्या मार्गाने तयार होतं, हे त्यांनी नुसतं मोजून नव्हे तर अडवून दाखवलं. हे काम आजही शिकण्यासारखं आहे.

पण पेपरचं शीर्षक बघा. ते पुट्रेसिनच्या निर्मितीला चालना मिळण्याबद्दल आहे, रक्षणाबद्दल नाही. पुढे अनेकांनी संदर्भ देताना ही रेषा ओलांडली.

हा प्रयोग कड्याच्या शिवारात आणून बघा. आष्टी तालुक्यात रब्बी ज्वारी बहुतांशी जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. पोटरीत येईपर्यंत वरची ओल उडालेली असते, भारी जमिनीला भेगा पडायला लागतात, मुळं खाली जात राहतात. हा ताण काही आठवडे हळूहळू चढत जातो. सॉर्बिटॉलच्या त्या द्रावणाचा दाब साधारण १ ते १.५ मेगापास्कल भरतो, म्हणजे झाड कोमेजून पुन्हा उभं न राहण्याच्या पातळीजवळ. ताणाची तीव्रता अवास्तव नाही. वेग मात्र अवास्तव आहे. रानात आठवड्यांत घडतं ते इथे एका झटक्यात घडतं, आणि तेही मुळाशिवाय, मातीशिवाय. त्यामुळे ६० पट हा आकडा ज्वारीला सरळ लावता येत नाही.

दुसरी अडचण अजून जुनी आहे. १९५२ साली रिचर्ड्स आणि कोलमन यांनी पोटॅशियमची कमतरता असलेल्या बार्लीत पुट्रेसिन साठलेलं दाखवलं. कोरड्या मातीत मुळांपर्यंत पोटॅशियम पोचणंही मंदावतं. मग दुष्काळातल्या पानात वाढलेलं पुट्रेसिन पाण्याच्या ताणाचं की पालाश कमी पडल्याचं? पानातलं पोटॅशियम मोजलेलंच नसेल तर हे सांगता येणार नाही.

रक्षण खरंच होतं का, हे तपासायचं तर रेणू काढून बघावा लागतो. यामागुची आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ते केलं. स्पर्मिन तयार न करणारं अरॅबिडॉप्सिसचं दुहेरी म्युटंट दुष्काळात जास्त लवकर ढासळलं. बाहेरून स्पर्मिन दिल्यावर सावरलं, पण पुट्रेसिन किंवा स्पर्मिडिनने नाही. ही परतफेडीची चाचणी भक्कम आहे. तरी एक फट राहते. या म्युटंटमधलं एक बिघडलेलं जनुक, एसीएल-५, प्रत्यक्षात थर्मोस्पर्मिन बनवतं, हे त्याच सुमाराला पुढे आलं. ते बिघडलं की झाड खुजं राहतं आणि त्याच्या पाणी वाहणाऱ्या झायलमची रचनाही बदलते. अशा झाडाला दुष्काळाची परीक्षा देताना आपण नेमकं काय तपासतोय, हे विचारायलाच हवं.

'जनुक नियमन' या शब्दाबाबतही सावध राहा. फवारणीनंतर काही जनुकांचा एमआरएनए वाढला, तर तो पॉलिअमाइनमुळे की ते मोडताना तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे? पेरॉक्साइड स्वतःच ताणाचा संकेत आहे. उलट, जिथे यंत्रणा पक्की माहीत आहे तिथे नियमन बऱ्याचदा एमआरएनएपासून प्रथिन बनण्याच्या टप्प्यावर दिसतं. स्पर्मिडिनचा एक तुकडा ईआयएफ-५ए या प्रथिनातल्या एका लायसिनला जोडला जातो. तो नसेल तर सलग प्रोलिन आले की रायबोसोम अडखळतो. प्राण्यांच्या पेशीत पॉलिअमाइन्स वाढले की रायबोसोम वाचताना एक अक्षर पुढे घसरतो, त्यामुळे अँटिझाइम पूर्ण बनतं आणि ते पॉलिअमाइन बनवणाऱ्या एन्झाइमलाच संपवतं. नुसती आरटी-पीसीआर करून यातलं काहीच दिसणार नाही.

प्राण्यांच्या पेशींवर काम करणार असाल तर अजून एक सापळा आहे. माध्यमातल्या गायवर्गीय सीरममध्ये अमाइन ऑक्सिडेज असतं. तुम्ही घातलेलं स्पर्मिन ते बाहेरच मोडतं, त्यातून विषारी आल्डिहाइड्स तयार होतात, आणि पेशी मेल्या की दोष स्पर्मिनवर जातो. अमिनोग्वानिडिन घालून ते एन्झाइम बंद केलेला कंट्रोल दिसला नाही, तर तो निकाल बाजूला ठेवा.

आपल्याकडे 'अमुक पिकावर पुट्रेसिन फवारणीचा परिणाम' असा विषय घ्यायला सोपा वाटतो. फवारा मारा, उंची मोजा, प्रोलिन मोजा, झालं. पण अशा थिसिसमधून यंत्रणा कळत नाही, आणि शेतकऱ्याला खर्च करायला सांगावं इतका आधारही मिळत नाही.

म्हणून पेपर वाचताना चार गोष्टी शोधा: रेणू वाढला का, काढल्यावर बिघडलं का, परत दिल्यावर सुधारलं का, आणि ताणाचा वेग रानातल्यासारखा होता का. चारही एकाच पेपरात क्वचितच मिळतील. जी मिळत नाही, तिथे तुमचा सिनॉप्सिस सुरू करा.