शंभरातले पंचाण्णव, पण किती अंतरावर?

अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या दिवसांत कोल्हापुरात एक प्रश्न घरोघरी विचारला जातो : आज किरणे कुठपर्यंत पोहोचली? नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्याकडे येतात. कधी ढग, कधी धूळ व बाष्प, तर कधी वाटेतील बांधकाम त्यांना अडवते. प्रकाश निघाला म्हणजे पोहोचलाच असे नव्हे, हे येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. हीच मुले बारावीत प्रकाशीय तंतूंविषयी वाचतात तेव्हा मात्र हे शहाणपण त्यांच्या उपयोगी पडत नाही, अशी आमची तक्रार आहे.

एन.सी.ई.आर.टी.च्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हा विषय पूर्ण आंतरिक परावर्तनाचे उदाहरण म्हणून येतो. गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा जास्त असतो, किरण क्रांतिक कोनापेक्षा मोठ्या कोनात आदळून नागमोडी पुढे जातो, हे तेथे नेमके सांगितले आहे. एक किलोमीटर तंतूतून 95 टक्क्यांहून अधिक प्रकाश पार होतो, हा आकडा देऊन तेवढ्याच जाडीच्या खिडकीच्या काचेशी त्याची तुलना करायला सुचवले आहे. ही सूचना आम्हाला फार आवडली. पण प्रत्येक परावर्तन पूर्ण असल्यामुळे प्रकाशाच्या तीव्रतेत फारशी घट होत नाही, असेही तेथे म्हटले आहे. खरी अडचण इथे आहे.

त्याच 95 टक्क्यांचा हिशेब पुढे नेऊन पाहू. दर किलोमीटरला 0.95 ने गुणायचे. कोल्हापूर ते पन्हाळा, म्हणजे सुमारे 20 किलोमीटर अंतरावर, 36 टक्के प्रकाश उरतो. पुणे सुमारे 230 किलोमीटर. तेथे उरतो 1 लाख 33 हजारांत एक भाग! परावर्तने सगळी पूर्णच होती. मग प्रकाश गेला कुठे? काचेतील शोषण कमी हवे, एवढे पुस्तक सांगते. पण शुद्ध काचेत उरणारी घट मुख्यतः विकिरणाची असते. काचेच्या घनतेतील अतिसूक्ष्म चढउतारांमुळे प्रकाश इतस्ततः फेकला जातो. आकाश निळे दिसते तेही विकिरणामुळेच. हे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून दूरसंचारात 1550 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरतात; 650 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा त्याचे विकिरण सुमारे 32 पट कमी होते. चार्ल्स काव यांनी 1966 साली काचेच्या शुद्धतेवर भर दिला. त्या कार्यासाठी त्यांना 2009 चे नोबेल पारितोषिक मिळाले. परावर्तन त्याआधीही पूर्णच होते, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. संदेश म्हणजे नुसता प्रकाश नव्हे. तो प्रकाशाच्या स्पंदांच्या क्रमात असतो. पाठातील आकृतीवरच विद्यार्थ्यांना विचारावे : दोन किरण वेगवेगळ्या कोनांत शिरले, तर आधी कोण पोहोचेल? नागमोडी जाणाऱ्याची वाट लांब. गाभ्याचा अपवर्तनांक 1.48 आणि आवरणाचा 1.46 असेल, तर एका किलोमीटरमध्येच त्यांच्यात सुमारे 68 नॅनोसेकंदांचे अंतर पडते आणि स्पंद तेवढा पसरतो. यावर उपाय म्हणून लांब पल्ल्यासाठी जेमतेम 9 मायक्रोमीटर गाभ्याचे तंतू आले. हा गाभा सहाएक तरंगलांबींइतकाच रुंद असतो. तेथे किरणांची नागमोडी आकृती लागूच पडत नाही, प्रकाश तरंग मानावा लागतो.

तरीही पसरणे थांबत नाही. लोलकात रंग वेगळे होतात, कारण काचेत प्रत्येक रंगाचा वेग निराळा. तेच अपस्करण तंतूतही होते. 1550 नॅनोमीटरला नेहमीच्या तंतूत दर किलोमीटरला, दर नॅनोमीटर रंगपट्ट्यामागे सुमारे 17 पिकोसेकंद फरक पडतो. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग. स्रोताचा रंगपट्टा 0.1 नॅनोमीटर धरला, तर पुण्यापर्यंत स्पंद 391 पिकोसेकंद पसरेल. सेकंदाला 1,000 कोटी बिट पाठवताना प्रत्येकाच्या वाट्याला 100 पिकोसेकंदच येतात. म्हणजे एक स्पंद शेजारच्या तिघाचौघांत मिसळणार. साधारण 80 ते 100 किलोमीटरवर प्रवर्धक बसवून प्रकाश वाढवता येतो. पण पसरलेला स्पंद त्याने आवरत नाही, तो फक्त अधिक तेजस्वी होतो. त्यासाठी अपस्करण भरून काढण्याची वेगळी योजना करावी लागते.

28 फेब्रुवारीला शाळाशाळांतून रामन परिणामाचे तक्ते लागतात. एकाच तंतूतून अनेक तरंगलांबींचे संदेश जाताना याच परिणामाने कमी तरंगलांबीच्या संदेशातील ऊर्जा अधिक तरंगलांबीच्या संदेशात जाते, आणि अभियंते त्याच परिणामाचा वापर करून प्रवर्धकही बनवतात. त्या तक्त्यावर हे एक वाक्य सहज मावेल.

एका परिच्छेदात एवढे सगळे कसे बसवायचे, असे कोणी म्हणेल. सगळे बसवू नये. परावर्तन प्रकाशाला वाट दाखवते, काच त्याला थकवते आणि अपस्करण संदेशाचा आकार बिघडवते, एवढी तीन वाक्ये पुरेत. पुस्तकात ती येईपर्यंत शिक्षकांनी फळ्यावर लिहावीत, आणि 0.95 चा गुणाकार विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा.