शेतकरी : श्रोता की सहभागी?

शेतकऱ्यापर्यंत माहिती पोहोचविणे आणि ती त्याला पटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महात्मा फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ (१८५५) या नाटकात हा भेद स्पष्ट दिसतो. जोशाच्या भूलथापांनी नाडलेले कुणबी जोडपे प्रथम निमूट ऐकते. पाद्र्याशी झालेल्या संवादानंतर विचार करू लागते आणि अखेरीस रात्रीच्या शाळेकडे वळते. विदूषकाच्या मार्मिक शेऱ्यांमुळे प्रेक्षकही या निवाड्यात ओढला जातो.

संवादाचे हेच महत्त्व पुढे रेडिओच्या एका प्रयोगात सिद्ध झाले. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतेमंडळे स्थापन केली. १० आठवड्यांत २० कार्यक्रम झाले. ऐकल्यावर गावात चर्चा होई, शंका केंद्राकडे जात व पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत. केवळ रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळांच्या गावांत ज्ञानवाढ बरीच अधिक झाल्याचे पॉल न्यूराथ यांच्या अभ्यासात आढळले.

याउलट अनेक प्रचारनाट्यांत अधिकारी बोलतो आणि शेतकरी मान डोलावतो. असा अडाणी शेतकरी हशा मिळवतो, विश्वास नव्हे. म्हणूनच महाविद्यालयीन पथनाट्याने आपला शेवटचा प्रवेश प्रेक्षकांच्या प्रश्नांसाठी मोकळा ठेवावा.