चेटकिणीचा नकार : सापडलेल्या चित्रणाचा भयपट आणि त्याचा मराठी प्रेक्षक

भयपट पाहून प्रेक्षक भ्याला की नाही, एवढ्यावरच त्या कृतीची परीक्षा आटोपण्याची वहिवाट पडून गेली आहे. भ्याला तर चित्रपट साधला, हसला तर फसला, असा हा हिशेब. परंतु एकाच खेळाला बसलेल्या प्रेक्षकांपैकी काही घामाघूम होतात, काही कंटाळतात आणि काही तर फसवले गेल्याच्या भावनेने संतापून बाहेर पडतात, तेव्हा हा हिशेब अपुरा पडतो. ‘फाऊंड फुटेज’ म्हणजे सापडलेले चित्रण, ह्या नावाने ओळखला जाणारा भयपटाचा जो प्रकार गेल्या काही दशकांत रूढ झाला, त्याच्या बाबतीत असे वारंवार घडले आहे. पडद्यावर दिसते ते कोणा दिग्दर्शकाने रचलेले नसून, पात्रांनी स्वतःच टिपलेले आणि त्यांच्या मागे कोणाच्या तरी हाती लागलेले आहे, अशी बतावणी हा ह्या प्रकाराचा पाया होय. प्रेक्षकांतील दुफळीचे मूळ रुचिभेदात शोधण्यापेक्षा ह्या बतावणीच्या स्वरूपात शोधणे अधिक फलदायी ठरेल.

ह्या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९९ सालच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ ह्या अमेरिकन चित्रपटाचे. डॅनियल मायरिक आणि एडुआर्डो सांचेझ ह्या दोघा दिग्दर्शकांनी अत्यल्प खर्चात तो तयार केला. ऑक्टोबर १९९४ मध्ये मेरीलँडमधील बर्किट्सव्हिलनजीकच्या रानात तीन विद्यार्थी एका चेटकिणीविषयी माहितीपट करावयास गेले आणि नाहीसे झाले, वर्षभराने त्यांचे चित्रण सापडले, असे निवेदन आरंभीच येते. नटांची खरी नावेच पात्रांना दिलेली होती. चित्रपट लागण्यापूर्वी ते तिघे बेपत्ता असल्याच्या जाहिराती भिंतींवर लागल्या, आणि तिघांपैकी हेदर डोनाह्यू हिच्या आईला तर, मुलगी हयात असताना, सांत्वनाची पत्रे आली. एवढे असूनही, चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचा कौल नोंदवणाऱ्या ‘सिनेमास्कोर’ ह्या संस्थेच्या पाहणीत त्याला ‘सी प्लस’ इतकी बेताचीच श्रेणी मिळाली. जगभरात चोवीस कोटी डॉलरांहून अधिक मिळकत करणाऱ्या चित्रपटाला त्याच्याच प्रेक्षकांनी अशी श्रेणी द्यावी, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

प्रेक्षकांवरील परिणामाच्या कथा मात्र जपून घेतल्या पाहिजेत. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स ह्यांनी नभोवाणीवर सादर केलेल्या मंगळवासीयांच्या स्वारीच्या नाट्याने अमेरिका भयभीत झाली, असे दीर्घकाळ सांगितले जात असे. हॅडली कँट्रिल ह्यांनी १९४० साली त्यावर ग्रंथही लिहिला. पुढील संशोधकांनी मात्र त्या घबराटीचा बराचसा भाग वृत्तपत्रांनी फुगवलेला असल्याचे दाखवून दिले. भयाची वार्ता ही भयपटाची जाहिरातच असते. कधी ती अंगाशीही येते. रुजेरो देओदातो ह्यांच्या ‘कॅनिबल हॉलोकॉस्ट’ (१९८०) ह्या इटालियन चित्रपटाचे नट करारानुसार लोकांच्या दृष्टीआड राहिल्यामुळे ते खरोखरच मारले गेले, असा संशय बळावला आणि दिग्दर्शकाला ते जिवंत असल्याचे दाखवून देणे भाग पडले. नट जिवंत आहेत हे सिद्ध करण्याची पाळी दिग्दर्शकावर येणे, ही ह्या बतावणीच्या यशाची आणि तिच्या अनौचित्याचीही परिसीमा म्हटली पाहिजे.

ह्या बतावणीने रसप्रक्रियेचे नेमके काय होते? ग. त्र्यं. देशपांडे ह्यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्र’ ह्या ग्रंथामुळे मराठी अभ्यासकांच्या परिचयाच्या झालेल्या अभिनवगुप्ताच्या विवेचनाचा येथे अनपेक्षित उपयोग होतो. भयानक रसाचे स्वरूप सांगताना अभिनवगुप्ताने शाकुंतलातील, बाणाच्या भयाने पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. तेथे भ्यालेले हरीण हे कोणा एका देशकाळातले राहत नाही. मी भ्यालो, माझा शत्रू भ्याला, अशा मर्यादा गळून पडतात आणि उरते ते केवळ भय. म्हणूनच ते आस्वाद्य. ह्या प्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने त्याने गणली आहेत. वस्तू संभवनीयच न वाटणे हे त्यांतले पहिले, आणि हे माझे वा परक्याचे, ह्या स्थळीचे, ह्या वेळचे, अशा विशेषांत मन गुंतून पडणे हे दुसरे. पहिले दूर व्हावे म्हणून कवी लोकविश्रुत कथा घेतो. दुसरे दूर व्हावे म्हणून रंगभूमीला पूर्वरंग, वेष, मुकुट इत्यादी संकेत लागतात. त्यांच्या योगाने नट हा नट म्हणून दिसेनासा होतो.

सापडलेल्या चित्रणाचा भयपट ह्या व्यवस्थेची उलटापालट करतो. पहिले विघ्न काढण्यासाठी तो दुसरे हेतुपुरस्सर ओढवून घेतो. भूत संभवनीय वाटावे म्हणून तो स्थळ, काळ आणि व्यक्ती ह्यांचा जितका विशेष देता येईल तितका देतो. पार्श्वसंगीत काढतो, अनोळखी चेहरे घेतो, चौकट हलती आणि धूसर ठेवतो, कोपऱ्यात तारीख-वेळ उमटवतो. सारे संकेत टाकून दिल्यावर प्रेक्षकापुढे काव्य उरत नाही, साक्ष उरते. आणि साक्षीपुढे बसलेल्या माणसाला रसिक होता येत नाही. त्याला ती खरी मानावी लागते किंवा खोटी. सातव्या विघ्नाचे नाव संशय असे आहे, हे येथे आठवावे. दुफळी पडते ती ह्या ठिकाणी. ज्याने साक्ष मानली तो हादरतो. ज्याने मानली नाही त्याच्या हाती कथेचाही आनंद उरत नाही, कारण कथा म्हणून तिची रचनाच झालेली नसते. त्याचा संताप निव्वळ अरसिकपणाचा नव्हे.

तारीख-वेळ उमटलेल्या चित्राला स्वतःची एक शक्ती असते, हे उमरेडच्या परिसरात कोणास सांगावयास नको. २०१३ साली नागझिऱ्याहून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आलेल्या ‘जय’ ह्या वाघाच्या गळ्यातील रेडिओ-पट्ट्याचे संकेत एप्रिल २०१६ मध्ये थांबले. पुढे पुष्कळ शोध झाला, वाघ सापडला नाही. मागे राहिली ती त्याची चित्रे. त्या चित्रांत भयाचे काहीही नाही. उमदे जनावर चालले आहे, एवढेच. परंतु चित्रातला जीव पुढे नाहीसा झाला हे ठाऊक असलेल्या माणसाला ती चित्रे पूर्वीसारखी पाहता येत नाहीत. ‘ब्लेअर विच’चे कर्ते आरंभीच्या एका निवेदनाने जे साधू पाहतात ते हेच.

हिंदीत ह्या प्रकाराचा गाजलेला भयपट म्हणजे पवन कृपलानी दिग्दर्शित ‘रागिनी एमएमएस’. तो १३ मे २०११ रोजी प्रदर्शित झाला. निर्मिती एकता कपूर ह्यांच्या संस्थेची. आज ख्यातनाम असलेला राजकुमार राव आणि कैनाज मोतीवाला ही त्या वेळी अल्पपरिचित असलेली जोडी त्यात आहे. आदल्याच वर्षी दिबाकर बॅनर्जी ह्यांच्या ‘लव्ह सेक्स और धोखा’ ह्या चित्रपटाने छुप्या कॅमेऱ्याचे चित्रण हेच कथनाचे माध्यम म्हणून हिंदीत आणले होते, आणि राव त्यातही होता. ‘रागिनी’वर ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ ह्या अमेरिकन चित्रपटाची छाया उघड आहे. सत्य घटनेवर आधारित असल्याचा डांगोराही ठरल्याप्रमाणे पिटला गेला. उदय नावाचा तरुण रागिनीला मुंबईबाहेरच्या एका एकाकी बंगल्यात नेतो. तेथे कॅमेरे बसवलेले आहेत आणि तिला ते ठाऊक नाही. तिचे हात तो पलंगाला बेड्यांनी जखडतो. ह्यानंतर घरातील भूत जागे होते.

प्रेक्षकाची दुफळी ह्या चित्रपटाच्याही वाट्याला आली. कोणाला तो अंगावर काटा आणणारा वाटला, कोणाला चाळवणुकीचे निमित्त. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि ती एकाच कारणाने खरी आहेत. अमेरिकन चित्रपटांतील कॅमेरा जिज्ञासेचा असतो. येथला कॅमेरा पापाचा आहे. प्रेक्षकाला बसावयास दिलेली जागा मुळी उदयची आहे. मुलीच्या नकळत तिच्याकडे पाहणाऱ्याची ती जागा, आणि पूर्वार्धभर प्रेक्षक ती मुकाट्याने, बहुधा खुशीने, स्वीकारतो. भूत येते तेव्हा भय वाटते, त्यात पकडले गेल्याचे भयही मिसळलेले असते. ह्या बाबतीत हा चित्रपट आपल्या अमेरिकन नमुन्याच्या पुढे गेला आहे, हे त्याला नाके मुरडणाऱ्यांनीही मान्य करावयास हवे.

परंतु मराठी प्रेक्षकापुरता ह्याहून महत्त्वाचा मुद्दा भुताच्या भाषेचा आहे. हे भूत मराठी स्त्रीचे आहे आणि ते मराठीत बोलते. आपण चेटकीण नाही, आपण आपल्या मुलांना मारलेले नाही, असे ते म्हणते. ज्याला मराठी येत नाही त्याच्या कानी प्रथम पडतो तो केवळ एक घोगरा, परका ध्वनी, आणि परकेपणा हाच त्याच्या भयाचा आधार. ज्याला मराठी येते त्याला वाक्य ऐकू येते. उमरेडसारख्या गावातला प्रेक्षक ह्या दृष्टीने मोठा विशेष. नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी-मराठी अशा द्वैभाषिक राज्याची राजधानी होती. चित्रपटांच्या वितरणात तर ह्या मुलखाला ‘सी. पी. बेरार’ असे नाव चालत आले आहे. येथल्या माणसाला उदय-रागिनीची हिंदीही आपलीच आणि भुताची मराठीही आपलीच. दोन्हींच्या मध्ये त्याला दुभाषा लागत नाही. चित्रपटकर्त्यांनी मनात धरलेल्या प्रेक्षकापेक्षा तो अधिक ऐकतो.

त्यातही एक शब्दार्थाचा सूक्ष्म भेद आहे. मराठीत हडळ ही मेलेल्या बाईचे भूत, आणि चेटकीण ही चेटूक करते म्हणून गावाने ठरवलेली जिवंत बाई. हिंदीतील ‘चुड़ैल’ ही हडळीच्या जवळची. जिवंतपणी आळ आलेल्या बाईला तेथे ‘डायन’ म्हणतात. चेटकीण ह्या शब्दाचा अर्थ कोणी ‘चुड़ैल’ असा लावला, तर भूतच आपण भूत नसल्याचे सांगत आहे असा हास्यास्पद प्रकार होतो. मराठी कानाला असला घोटाळा होत नाही. हडळ झालेली बाई आपण चेटकीण नव्हतो असे सांगत आहे, म्हणजे मेल्यावरही जिवंतपणीच्या आरोपाचा इन्कार करीत आहे. ही धमकी नव्हे. हा जबाब आहे. भयानकाच्या जागी येथे करुण उभा राहतो, आणि ज्याला तो जाणवला त्याचे घाबरणे अर्ध्यावरच थांबते.

आणि हा आरोप काही जुनाट कथांतला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी नरेंद्र दाभोलकर ह्यांची पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच महाराष्ट्र शासनाने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने अधिनियम संमत केला. एखाद्या व्यक्तीवर करणी वा जादूटोण्याचा आळ घेऊन तिचा छळ करणे हा त्या अधिनियमान्वये गुन्हा आहे. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे, भानामतीच्या संशयावरून काही कुटुंबांतील स्त्री-पुरुषांना बांधून मारहाण झाली. चित्रपट २०११ चा आहे, अधिनियम त्याच्या नंतरचा. त्या अधिनियमाची ज्यांना गरज होती अशा बायांपैकी एकीचे म्हणणे चित्रपटाने ध्वनिमुद्रित केले आणि भय उत्पन्न करण्याच्या कामी लावले. ह्याची जाण कर्त्यांना असल्याची खूण चित्रपटात आढळत नाही.

जाण असती तर काय झाले असते, हे त्या चित्रपटाच्याच सामग्रीवरून सांगता येते. एक स्त्री बेड्यांनी पलंगाला जखडलेली आहे आणि तिच्या नकळत तिच्याविरुद्ध पुरावा तयार होत आहे. उद्या तो पुरावा गावभर फिरेल आणि तिची बाजू कोणी विचारणार नाही. दुसरी स्त्री तशाच एका निवाड्यात पूर्वीच मेलेली आहे. ह्या दोघी एका खोलीत आणून ठेवणे ही मोठी कल्पना होती. परंतु कथानक त्यांना एकमेकींच्या वैरिणी करते. भूत रागिनीच्याच जिवावर उठते, आणि दोघींमधले साम्य कॅमेऱ्याच्या पुढे असूनही कोणाच्या लक्षात येत नाही. चित्रणाला साक्षीचा दर्जा द्यावयाचा आणि प्रत्यक्ष साक्ष आली की तिला किंकाळी समजावयाचे, हा ह्या कृतीतला मोठा दोष. तिच्यावर अश्लीलतेचा ठपका ठेवणाऱ्यांची नजर मात्र भलतीकडेच राहिली.

२०१४ साली ह्या नावाचा दुसरा चित्रपट आला. त्याने सापडलेल्या चित्रणाची रीतच सोडून दिली आणि नेहमीच्या थाटाचा भयपट केला. त्यात साक्षीचा प्रश्न उरला नाही, त्यामुळे तशी दुफळीही उरली नाही. पहिला चित्रपट आता बहुधा एकट्याने, हातातल्या फोनवर पाहिला जातो. चित्रपटगृहात अंधारातून कोणी तरी मोठ्याने थट्टा करून साऱ्यांचीच सुटका करीत असे. ती सोय आता नाही. ज्या यंत्राने असली चित्रणे घेतली जातात त्याच यंत्रावर ते पाहिले जाते, आणि कानाशी लावलेल्या तारेतून त्या बाईचे वाक्य पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येते.