स्कॉटचं पुस्तक राजापुरात वाचताना

जेम्स स्कॉटचं 'द मॉरल इकॉनॉमी ऑफ द पेझंट' (१९७६) बहुतेकांच्या प्रपोजलमध्ये असतंच. म्हणणं असं: जेमतेम पोटापुरतं पिकवणारा शेतकरी नफ्याआधी उपासमार टाळायला बघतो, आणि वाईट वर्षात जमीनदार सांभाळून घेतो का, यावरून व्यवहार न्याय्य की अन्याय्य ते ठरवतो. पुस्तक बर्मा-व्हिएतनामवरचं. ते जसंच्या तसं राजापुरात आणलं की घोळ होतो.

भातलावणीला आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, ही सावड. दिवसाला दिवस फिटतो. पण खोताच्या शेतावरची वेठ? तिलाही 'रीत'च म्हणायचे, फक्त कुळाला नाही म्हणायची सोय नव्हती. महारांच्या वतनी कामाचंही तेच. आंबेडकरांनी १९२८ साली वतनाचं आणि १९३७ साली खोती रद्द करण्याचं बिल आणलं ते उगाच नाही.

स्कॉट शोषणावर बोलतो, नाही असं नाही. पण जन्मानं गळ्यात पडलेलं काम त्याच्या चौकटीत नीट बसत नाही. म्हणून मुलाखतीत 'बदल्यात काय मिळायचं?' एवढ्यावर थांबू नका. 'नाही म्हटलं असतं तर?' हेही विचारा. आणि सावडीबद्दलही: ज्या घरातली कमावती माणसं मुंबईला गेली, त्या घरच्या म्हातारीची लावणी कोण करायचं?