नकुसा: नाव मुलीचं, निरोप पुढच्यासाठी

माझी पीएचडी मराठी व्यक्तिनामांवर आहे असं सांगितलं, की समोरचा लगेच म्हणतो, "मग माझ्या नावाचा अर्थ सांग बरं." बहुतेक वेळा मी सांगते आणि समोरचा खूश होतो. परवा वाशीत एका आजींनी मात्र हा प्रश्न विचारलाच नाही. आपल्या नावाचा अर्थ त्यांना कळत्या वयापासून ठाऊक होता. त्यांचं माहेरचं नाव नकुसा.

आजी मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, पाटण तालुक्यातल्या. नवऱ्याचं आयुष्य बाजार समितीत पोती वाहण्यात गेलं. वाशी-तुर्भ्याच्या या बाजारात माथाडी म्हणून राबलेल्यांत सातारा-सांगलीकडची माणसं खूप. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील हेही पाटण भागातलेच. त्यामुळे साताऱ्याकडची जुनी नावं ऐकायला मला दर वेळी एसटी पकडावी लागत नाही. आजींचं काम काय होतं ते शेवटी सांगते. त्याआधी या नावाबद्दल आजवर जे लिहिलं आणि दाखवलं गेलं, त्याच्याशी माझं थोडं भांडण आहे. ते ऐका.

शब्द साधा, नाव अवघड

'नको'ला 'सा' लागला की नकोसा, जसा 'हवा'चा हवासा. स्त्रीलिंगी नकोशी. बोलताना ओचा उ होतो आणि नकुशी, नकुसा ही रूपं मिळतात. यातलं 'नकुसा' मला जास्त बोलकं वाटतं. विशेषण म्हणून ते मुलीला 'नकुशी' असं लागायला हवं होतं. पण नाव झाल्यावर ते शेवटी आ घेऊन शांता, सुभद्रा यांच्या रांगेत जाऊन बसलं. म्हणजे कोणी रागाच्या भरात एकदा काढलेला हा शब्द नव्हे. वापरून वापरून त्याचं रीतसर नाव झालंय.

हे नाव कोणाला मिळायचं? पहिल्या मुलीला सहसा नाही. दोन-तीन मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली, की तिला. समजूत अशी, की हिचं नाव नकुसा ठेवलं की मुलींची रांग थांबते आणि पुढचा मुलगा होतो. आपण बारशाच्या आधी नावांची पुस्तकं आणतो ना, त्यात 'न' काढून बघा. नंदा, नंदिनी, नलिनी, नम्रता सापडतील. नकुसा सापडणार नाही. नावांचा अर्थ सांगणारी ही पुस्तकं फक्त आवडलेल्या नावांचा अर्थ सांगतात. पुस्तकात नाही म्हणून गावात नाही, असं मात्र समजू नका.

दगडू आणि नकुसा

"जुन्या काळी मुलांनाही वाईट नावं ठेवायचेच की," असं मला अनेकदा ऐकवलं जातं. खरंय. दगडू, केरू, भिकू, उकिर्डा. आधीची मुलं दगावली असली, की पुढच्या मुलाला असं नाव द्यायचे. दगड कोण उचलून नेणार, केराकडे कोण बघणार? दृष्ट लागू नये, मरणाने त्याच्याकडे दुर्लक्ष करावं, ही त्यामागची धडपड.

आता ही दोन नावं शेजारी ठेवा. दगडू हे नाव खोटं बोलतं, आणि मुलासाठी खोटं बोलतं. तो इतका हवा आहे, की नको असल्याचं सोंग घ्यावं लागतंय. नकुसा खरं बोलते. शिवाय ती स्वतःबद्दल बोलतच नाही. हे नाव पुढच्या बाळासाठी धाडलेला निरोप आहे आणि तो वाहून नेण्याचं काम या मुलीला जन्मभर दिलंय. दोन्ही नावांना 'अंधश्रद्धेतून आलेली वाईट नावं' अशा एकाच खोक्यात टाकणारे लेख हा फरक पुसून टाकतात. त्यांच्याशी माझं पहिलं भांडण हे.

पडद्यावरही हाच घोळ. २०१४ च्या 'टाइमपास'मधला दगडू आठवा. त्या नावाला आपण हसलो, पण प्रेमाने हसलो. २००९ साली कलर्स वाहिनीवर 'लागी तुझसे लगन' सुरू झाली, तिच्या नायिकेचं नाव नकुशा. हिंदी प्रेक्षकांच्या घरात हे मराठी नाव त्या मालिकेने पोचवलं, हे मान्य. पण कथेत काय होतं? मुलगी सुंदर आहे आणि पुरुषांच्या नजरेपासून वाचावी म्हणून आईच तिला काळी, कुरूप दाखवते. म्हणजे मालिकेने नकुसाला दगडूचा अर्थ दिला. तिचं नकोसं असणं हे सोंग ठरलं, आईच्या मायेचं. रंग धुतला की प्रश्न मिटला. खऱ्या नकुसाचा असा कुठला रंग धुवायचा?

२०११ चा सोहळा

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात प्रशासनाने २८५ नकुसांची नावं बदलली. मुली नटूनथटून आल्या, त्यांना नव्या नावाची प्रमाणपत्रं आणि फुलं मिळाली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी सावित्री, कोणी वैशाली. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली. वर्गात हजेरी घेताना रोज 'नको' ऐकणाऱ्या मुलीला दुसरं नाव मिळालं, याचं मोल मी कमी करणार नाही. तुम्हीही करू नका.

माझं दुसरं भांडण बातमी लिहिणाऱ्यांशी आहे. बहुतेक ठिकाणी सूर असा, की बाईचं नाव बदलण्याची घटना प्रथमच घडली. आपल्याकडे बायकांची नावं लग्नात बदलत आलीच आहेत. ताटात तांदूळ पसरून नवरा नवं नाव लिहितो आणि कालची नकुसा आज मंगल होते. नाव बदलायचं ठरवणारे तेव्हाही दुसरेच होते. साताऱ्याच्या सोहळ्यात नवीन काय असेल, तर लग्नाची वाट न बघता, मुलगी मुलगीच असताना नाव बदललं आणि निदान काही जणींनी ते स्वतः निवडलं. बातमी याची व्हायला हवी होती.

आणि हे फक्त साताऱ्याचं पाप असंही नाही. हरियाणात 'भतेरी' सापडते, म्हणजे 'पुष्कळ झाल्या'. तमिळनाडूत 'वेंडाम', म्हणजे थेट 'नको'. चीनमध्ये 'झाओदी', 'धाकट्या भावाला बोलावून आण'. भाषा वेगळ्या, निरोप तोच.

लोकप्रियता मोजायची कशी?

आता माझ्या अभ्यासातली खरी अडचण सांगते. नावाची लोकप्रियता मोजायची म्हणजे शाळेचे दाखले, मतदार याद्या चाळायच्या आणि कुठल्या पिढीत ते किती वेळा येतं ते बघायचं. समजा नकुसा हे नाव कमी कमी होत गेलेलं दिसलं, तर मुली हव्याशा झाल्या असं म्हणायचं का?

घाई करू नका. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या. २००१ ला ९१३. २०११ ला ८९४. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं, १९८८ साली. तरीही आकडा घसरत राहिला. २०११ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये प्रभात झा आणि सहकाऱ्यांचा देशपातळीवरचा अभ्यास आला. पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे १९९० मध्ये ९०६ मुली जन्मत होत्या. २००५ मध्ये ८३६.

म्हणजे नकुसा हे नाव जिथे मिळायचं, त्याच वळणावर मुली गळू लागल्या. नाव मिळायला आधी जन्मावं लागतं. सोनोग्राफी येण्याआधी 'नको' हे बारशाला सांगितलं जायचं, नंतर ते दवाखान्यात सांगता येऊ लागलं. म्हणून 'हे नाव आता फारसं ऐकू येत नाही' असं वाक्य आनंदाने लिहिणाऱ्याला मी एवढंच विचारते, की जन्मांचा तक्ता शेजारी ठेवला होतात का? तो न ठेवता केलेली नावांची मोजदाद अर्धवट आहे. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मीही ती तशीच केली होती.

आजींचं काम

आजींना माझ्याकडून नावाचा अर्थ नको होता, कागद वाचून हवा होता. वडील गेल्यावर गावाकडच्या जमिनीची वारसनोंद झाली, त्यात त्यांचं नाव लागलं: नकुसा. आधार कार्डावर सासरचं नाव. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. भाऊ म्हणत होता, कशाला दगदग, हक्कसोड करून टाक.

मी मसुदा वाचून दाखवला. मधेच, अगदी शहाण्यासारखं, मी विचारलं, "आजी, आता बदलूनच टाकायचं का हे नाव सगळीकडून? राजपत्रात देता येतं."

त्या म्हणाल्या, "खुळी का काय तू? त्या नावाची बाई कागदावरनं गेली, तर बापाच्या जमिनीत माझं काय ऱ्हातंय?"

नाव पुसलं की अन्याय पुसला, असं मी इतकी वर्षं मनात धरून होते. आजींना नको म्हणून दिलेलं नाव हाच त्यांचा बापाच्या घराशी उरलेला एकमेव लेखी पुरावा होता. प्रतिज्ञापत्रावर त्यांनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर जोडत, आधी सासरचं नाव आणि मग 'ऊर्फ नकुसा'.

तुमच्या घरात, चाळीत, गावाकडे एखादी नकुसा असेल, तर तिला नावाचा अर्थ विचारू नका, तो तिला माहीत आहे. तिच्या पाठीवर कोण झालं आणि सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का, ते विचारा.